दारावरची चिठ्ठी, खालच्या आजी आणि आपला आठवडा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. स्टुटगार्टच्या कडेच्या भागात सहा घरांची जुनी इमारत, तिथे दुसऱ्या मजल्यावर चार महिन्यांपूर्वी तुम्ही भाड्याने राहायला आलात. तुम्ही दोघं आणि अडीच वर्षांचा मुलगा. खाली एकट्या राहणाऱ्या आजी. त्यांनी आधी तुमच्या दारावर चिठ्ठी चिकटवली, आणि मागच्या आठवड्यात इमारतीची व्यवस्था बघणाऱ्या कंपनीचं पत्र आलं. पत्रात चार गोष्टी: रात्रीचा आवाज, जिन्यात ठेवलेल्या चपला, जिन्यात येणारा स्वयंपाकाचा वास आणि दोनदा न केलेली केअरवोखे, म्हणजे जिन्याची आळीपाळीने करायची साफसफाई. तुम्ही विचारताय की हा सरळसरळ वंशद्वेष आहे का, मिठाई घेऊन आजींकडे जावं का, की घरच बदलावं.

मी मूळची मिरजेची. तुम्हाला आलंय तसं पत्र ज्या टेबलावरून निघतं, त्या टेबलामागे मी बारा वर्षं बसते आहे. स्टुटगार्टच्या आसपासच्या भाड्याच्या इमारती सांभाळणाऱ्या एका कंपनीत, ज्याला इथे हाउसफरवाल्टुंग म्हणतात. शेजाऱ्यांची तक्रार आधी मी वाचते, मग भाडेकरूला पत्र मीच लिहिते. तुमची इमारत आमच्याकडे नाही, म्हणून मोकळेपणाने लिहिता येतंय.

पहिली गोष्ट, घर बदलू नका. निदान या पत्रामुळे तरी नाही. या शहरात घर मिळणं किती अवघड आहे ते तुम्ही नुकतंच अनुभवलंय. सोडायचं तर तीन महिन्यांची नोटीस, नव्या घरासाठी पुन्हा तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापर्यंत अनामत, आणि तिथेही खाली कुणीतरी राहत असणारच.

आता खरा प्रश्न. पत्रात चार तक्रारी दिसतात, पण माझ्या अंदाजाने आजींनी कागद-पेन घेतलं ते चौथीमुळे. माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींचा हा ठरलेला क्रम आहे. आवाज पहिल्या ओळीत असतो, वास दुसऱ्या, आणि केअरवोखे शेवटी, जाता जाता लिहिल्यासारखी. फोन करून विचारलं की दहा मिनिटांत कळतं, आवाज त्या महिनोन्महिने सहन करत होत्या. ज्या शनिवारी तुमचा आठवडा होता आणि संध्याकाळपर्यंत जिना कोरडाच राहिला, त्या शनिवारी त्यांची खात्री पटली की वरच्यांना आपली फिकीर नाही. मग आधीचं सगळं आठवून लिहिलं जातं. उलटही पाहिलंय. ज्या घरातून जिना वेळेवर पुसला जातो, त्या घरातल्या पोराने कितीही धुडगूस घातला तरी खालचे म्हणतात, लहान आहे, चालायचंच.

अर्थात सगळंच असं ठोकून सांगता येणार नाही. तुमची इमारत लाकडी तुळयांच्या छताची आहे की काँक्रीटची, यावर आवाजाचा निम्मा निकाल लागतो. घरमालक एक व्यक्ती आहे की मोठी गृहनिर्माण कंपनी, यावर पत्राचा सूर ठरतो. आणि आजी मुळातच भांडखोर असतील तर तुम्ही जिना गुलाबपाण्याने पुसलात तरी उपयोग नाही. तशी माणसं असतात, प्रत्येक देशात असतात. पण ते ठरवायच्या आधी आपली बाजू स्वच्छ करून घ्यावी लागते, आणि त्यातलं बरंचसं आपल्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

केअरवोखे म्हणजे झाडण्याचा आठवडा. जर्मनीत इतरत्र राहणारे लोकही या प्रकाराला हसतात, कारण ही खास श्वाबेन प्रांताची, म्हणजे स्टुटगार्टच्या आसपासच्या भागाची गोष्ट आहे. १४९२ मध्ये इथल्या एबरहार्ड नावाच्या काउंटने, ज्याला लोक आजही दाढीवाला एबरहार्ड म्हणतात, स्टुटगार्टकरांना हुकूम काढला होता की प्रत्येकाने आपली घाण दर आठवड्याला शहराबाहेर नेऊन टाकावी. तेव्हापासून या भागात साफसफाई आणि आठवडा ही जोडी पक्की झाली. शहराने कायद्याची सक्ती १९८८ मध्ये काढून टाकली, पण ती गेली फक्त नगरपालिकेच्या पुस्तकातून. भाडेकरारात आणि इमारतीच्या नियमावलीत ती तशीच बसून आहे. तुम्ही सही केलेल्या कागदांत ती नक्की असणार.

तिचे दोन प्रकार असतात, आणि नवीन माणूस इथेच फसतो. छोटी केअरवोखे म्हणजे तुमच्या मजल्यासमोरची जागा आणि तिथून खालच्या मजल्यापर्यंतचा जिना, तुम्ही आणि समोरचं घर आळीपाळीने. मोठी म्हणजे मुख्य दार, तळघराचा जिना, तळघरातली वाट, कचऱ्याच्या डब्यांची जागा, फूटपाथ, आणि हिवाळ्यात बर्फ. ही सगळ्या घरांत फिरते, म्हणजे तुमच्याकडे साधारण सहा आठवड्यांनी येणार. बऱ्याच इमारतींत एक पाटी असते. ज्याचा आठवडा त्याच्या दाराच्या मुठीला ती अडकवलेली असते, काम झालं की पुढच्याच्या दाराला अडकवायची. तुमच्या दारावर अशी पाटी आली होती का? माझ्याकडच्या एका कुटुंबाने ती जाहिरात समजून कचऱ्यात टाकली होती. तीन आठवडे अख्खी इमारत पाटी शोधत होती.

चाळीत वाढलेल्याला हे समजावून सांगावं लागत नाही. नळाचं पाणी, सामाईक संडास, गॅलरी धुणं, सगळं वाटून घेतलेलं असायचं आणि कुणी टाळाटाळ केली तर दुपारपर्यंत चारही मजल्यांवर कळायचं. आपल्या फ्लॅटमधल्या पिढीचं हे सुटलं, कारण सोसायटीने बाई लावली. इथे बाई नाही. काही इमारतींत आता सफाई कंपनी लावतात, पण तिचे पैसे महिन्याच्या खर्चात धरले जातात, आणि श्वाबी माणसाला ते पैसे फार खुपतात.

करायचं कसं? शनिवारी सकाळी, लोक जागे असताना. आधी झाडायचं, मग ओल्या फडक्याने पुसायचं, कठडाही पुसायचा. जिना आधीच स्वच्छ दिसत असला तरी करायचं. ‘दिसतंय की साफ’ हे उत्तर इथे चालत नाही. जिना साफ आहे की नाही यापेक्षा तुम्ही आपला आठवडा केलात की नाही, हे बघितलं जातं. आणि खरं सांगू, बादलीचा थोडा आवाज झालेला बरा. इथले जुने लोक हे हसत हसत कबूल करतात की केअरवोखे ऐकू गेली पाहिजे. आजींचं दार उघडलं तर ‘ग्र्यूस गॉट’ म्हणा. हे दोन शब्द जिन्यात भेटणाऱ्या प्रत्येकाला, रोज, आपणहून म्हणायचे. आपण पुण्या-मुंबईत लिफ्टमध्ये अनोळखी माणसाकडे बघतही नाही. इथे तुम्ही मान खाली घालून गेलात तर तो अपमान धरला जातो. (स्टुटगार्ट आणि मुंबई ही १९६८ पासून जोडशहरं आहेत. लिफ्टमधलं वागणं बघता दोन्हीकडच्या महापौरांना हा फरक कुणी सांगितला नसावा.)

आता आवाज. रात्री दहा ते सकाळी सहा शांतता, रविवारी आणि सुटीच्या दिवशी दिवसभर. काही इमारतींच्या नियमावलीत दुपारी एक ते तीनही असते, तुमची काढून वाचा. याचा अर्थ रात्री दहानंतर पुतळ्यासारखं बसायचं असा नाही. बोलणं, टीव्ही, अंघोळ, सगळं चालतं, फक्त आवाज आपल्या खोलीत राहिला पाहिजे. आणि महिन्यातून एकदा पार्टी करायचा हक्क असतो असं कुणी सांगितलं असेल तर ते साफ खोटं आहे. भारतीयच कशाला, जर्मन भाडेकरूही मला हे आत्मविश्वासाने ऐकवतात.

पण आपल्या घरांतला त्रासदायक आवाज बहुतेक वेळा गाण्यांचा किंवा पार्टीचा नसतोच. दोन-तीन वर्षांपूर्वी आमच्याकडे एका आजोबांची वही आली. इथे अशी आवाजाची नोंद ठेवायची पद्धत आहे, वकीलही तीच मागतात. चौकटीच्या कागदावर निळ्या पेनाने तीन रकाने: तारीख, वेळ, काय. ‘६:४०, यंत्र, ४ मिनिटं. ६:५२, यंत्र, ३ मिनिटं.’ आणि रोज संध्याकाळी सातच्या सुमारास, ‘ठोकणे, लयीत, २० मिनिटं.’ माझ्या सहकाऱ्याची खात्री होती की वरचा माणूस घरात सुतारकाम करतो. वर राहत होतं नाशिकचं जोडपं. मी वही वाचली आणि हसू आवरेना. यंत्र म्हणजे चटणीचा मिक्सर. ठोकणं कळेना, म्हणून संध्याकाळी त्यांच्याकडे गेले. पोळपाटाचा एक पाय आखूड होता. पोळी लाटताना पोळपाट ओट्यावर डुगडुगायचा, ओटा भिंतीला चिकटलेला, आणि भिंत थेट आजोबांच्या डोक्याशी. पोळपाटाखाली ओला पंचा दुमडून ठेवला, मिक्सरखाली रबराची जाड चटई घातली आणि तो सकाळी आठनंतर लावायचं ठरलं. वहीत पुढे दोन ओळी आल्या, मग वही बंद झाली.

तुमच्याकडेही पहिल्यांदा हेच बघा. आणि पाय. आपण घरात अनवाणी चालतो आणि टाच आधी टेकतो. आपल्याकडे फरशीखाली काँक्रीट असतं म्हणून कुणाला कळत नाही. लाकडी तुळयांच्या घरात ती टाच खाली हातोड्यासारखी ऐकू येते. पावलांच्या या आवाजाला इथे वेगळा शब्दच आहे, ट्रिटशाल. लोकरीच्या तळव्याच्या सपाता घ्या तिघांनाही, खुर्च्यांच्या पायांना फेल्टच्या चकत्या लावा, मुलगा जिथे धावतो तिथे जाड गालिचा. सगळं मिळून शंभर युरोच्या आसपास जाईल आणि तुमच्या तक्रारीतला बराच भाग तिथेच मिटेल. खलबत्ता जमिनीवर ठेवून कुटत असाल तर तो मात्र आजच बंद करा.

मुलाच्या रडण्या-धावण्याबद्दल घाबरू नका. लहान मुलांचा आवाज शेजाऱ्यांनी सोसायचा असतो, इथली न्यायालयं त्या बाबतीत पालकांच्या बाजूने झुकतात. पण २०१७ मध्ये केंद्रीय न्यायालयानेच हेही सांगितलं की या सोसण्याला मर्यादा आहे, आणि पालकांनी प्रयत्न केलेला दिसला पाहिजे. रात्री दोन वाजता दात येतायत म्हणून रडणारं मूल आणि रात्री साडेदहाला घरात तिचाकी फिरवणारं मूल, यातला फरक त्यांना कळतो. तुमचं मूल या दुसऱ्या प्रकारातलं असेल तर तिचाकी काढून घ्या.

वासाचं थोडं वेगळं आहे. स्वयंपाकाचा वास येणं हा गुन्हा नाही. कुणी तुम्हाला फोडणी करू नका असं सांगू शकत नाही, आणि पत्रात तसं लिहिलं असेल तर ते मनावर घेऊ नका. पण जिन्यात वास, असं लिहिलं असेल तर माझा एक प्रश्न आहे: घरात धूर झाला की तुम्ही जिन्याकडचं दार उघडता का? आपण सगळे उघडतो. हवा खेळती होईल म्हणून. होतं उलटं. जिना उभ्या धुराड्यासारखा असतो, तुमच्या घरातली हवा तो ओढून घेतो आणि सहाही घरांच्या दारांशी नेऊन ठेवतो. दार बंद ठेवायचं आणि समोरासमोरच्या खिडक्या पाच-दहा मिनिटं सताड उघडायच्या, हिवाळ्यातसुद्धा. खिडकी दिवसभर तिरकी ठेवून काही साधत नाही, भिंत तेवढी गार पडते आणि कोपऱ्यात बुरशी धरते. मग ती बुरशी तुमच्या अनामतीतून कोण पुसणार यावर नवीन पत्रव्यवहार सुरू होतो. तुमच्या चिमणीचा पंखा हवा बाहेर टाकतो की गाळून परत खोलीतच सोडतो, तेही बघा. दुसऱ्या प्रकारचा असेल तर आतलं कार्बन फिल्टर ठरावीक काळाने बदलावं लागतं. मी पाहिलेल्या बहुतेक घरांत ते बदलायचं असतं हेच कुणाला माहीत नव्हतं.

चपला हा मुद्दा सगळ्यात सोपा. जिना ही आग लागली तर पळायची वाट आहे, म्हणून तिथे काहीही ठेवायचं नाही. पावसात भिजलेला एखादा जोड तासभर कुणी बोलणार नाही, पण रॅक नाही. आत दाराशीच एक ट्रे ठेवा. मुलाची बाबागाडी ठेवायला मात्र बहुधा परवानगी मिळते, घरात वर नेणं शक्य नसेल आणि खाली वाट अडत नसेल तर. विचारून ठेवा, लेखी. दिवाळीत दाराबाहेर रांगोळी काढायची हौस असेल तर समोरच्यांना आधी सांगा, आणि पणत्या आतच लावा. जिन्यात उघडी ज्योत चालत नाही. फटाके तर नाहीच, ते इथे वर्षातून फक्त ३१ डिसेंबर आणि १ जानेवारीला.

कचऱ्याचं पत्रात आलेलं नाही, म्हणजे ते तुम्ही नीट करताय. तरी एक सांगते. डब्यांचे रंग गावागणिक बदलतात, म्हणून पुण्याच्या मित्राने म्युनिकहून पाठवलेल्या तक्त्यावर जाऊ नका, आपल्या गावाचाच बघा. ओल्या कचऱ्याच्या डब्यात प्लास्टिकची पिशवी गेली तर तो डबा न रिकामा करता तसाच ठेवून जातात, आणि तो पुन्हा उचलून न्यायचा खर्च सगळ्या घरांवर बसतो. निर्माल्य टाकताना हारातला दोरा काढून टाका. आणि काच. मी नवीन असताना एका रविवारी दुपारी लोणच्याच्या रिकाम्या बरण्या घेऊन कोपऱ्यावरच्या काचेच्या कंटेनरशी गेले. तिसरी बरणी आत फुटली तेव्हा समोरच्या खिडकीतून एक आजोबा म्हणाले, “आज रविवार आहे.” ओरडले नाहीत, फक्त माहिती दिली. उरलेल्या सात बरण्या मी घरी परत नेल्या. रविवारी आणि रात्री तिथे काच टाकायची नसते, कंटेनरवर तसं लिहिलेलं होतं, मी वाचलं नव्हतं.

त्या आजोबांमुळे मला एक गोष्ट कळली, जी तुमच्या पत्राला लागू पडते. आपल्याकडे शेजाऱ्याने लेखी तक्रार केली म्हणजे बोलणं संपलं, आता हातघाई. आधी चार वेळा टोमणे मारून, कुणाच्या तरी मध्यस्थीने निरोप धाडून बघतात, कागद सगळ्यात शेवटी. इथे कागद सगळ्यात आधी. चिठ्ठी चिकटवणारी आजी तुमच्याशी भांडत नाहीये. ती तोंडावर बोलून तुम्हाला अवघडून टाकू नये म्हणून लिहिते. तुम्ही चिठ्ठीला काहीच उत्तर दिलं नाहीत, असं तुम्ही लिहिलंय. तुमच्या मनात असणार की उगाच वाद नको. त्यांनी त्याचा अर्थ काढला की वाचून फेकून दिली. पुढची पायरी कंपनीला पत्र, ती त्यांनी चढली.

आता तुमच्या हातातलं पत्र नीट बघा. वरती ‘आबमाहनुंग’ हा शब्द आहे का? असेल तर ती औपचारिक ताकीद आहे, आणि हीच चूक पुन्हा झाली तर घरमालक करार मोडण्यापर्यंत जाऊ शकतो. अशा वेळी भाडेकरू संघाकडे, म्हणजे मीटरफेराइनकडे जा. वर्षाची थोडी वर्गणी भरून सभासद झालं की वकिलाचा सल्ला मिळतो. मी ज्या बाजूला बसते ती बाजू हे सांगणार नाही, म्हणून मी सांगते. तो शब्द नसेल आणि नुसती विनंती किंवा आठवण असेल, जशी मला वाटते आहे, तर कुणी तुम्हाला घराबाहेर काढत नाहीये.

दोन्ही बाबतींत उत्तर द्या. कंपनीला चार ओळींचा ईमेल: पत्र मिळालं, चपला आत घेतल्या, केअरवोखेची पद्धत आम्हाला माहीत नव्हती, पुढचा आमचा आठवडा अमुक तारखेचा आहे आणि तो आम्ही करू. माफीचे पाल्हाळ नको. जर्मन चुकलं तरी हरकत नाही, तारीख चुकवू नका. असा ईमेल आला की मी फाइल बंद करून टाकते. न आलेल्या उत्तराची फाइल उघडी राहते, आणि पुढच्या तक्रारीला ती सगळ्यात वर येते.

आजींकडे स्वतः जा, पण मिठाई घेऊन नको. निदान पहिल्यांदा नको. तक्रारीनंतर लगेच पेढ्यांचा बॉक्स आला तर तो तोंड बंद करायला आणल्यासारखा दिसतो. शनिवारी अकराच्या सुमारास, जिना पुसून झाल्यावर, मुलाला बरोबर घेऊन बेल वाजवा. दारातच उभं राहा, आत बोलावलं नाही तर वाईट वाटून घेऊ नका, इथे दारातल्या गप्पा हीसुद्धा भेटच असते. नाव सांगा, त्यांना आडनावाने ‘फ्राउ अमुक’ म्हणा. आजी म्हणू नका, आपल्या भाषेतलं प्रेम त्या शब्दातून त्यांच्यापर्यंत पोचत नाही. गालिचा घेतलाय, मुलगा साडेआठला झोपतो, काही त्रास झाला तर कृपया लगेच बेल वाजवा किंवा या नंबरवर फोन करा. नंबर कागदावर लिहून द्या. बस, दोन मिनिटं. पेढे दिवाळीला द्या, थोडे, आणि आत काय काय आहे ते चिठ्ठीवर लिहून. काजू-बदामाची कुणाला ॲलर्जी असते, कुणाला साखर असते.

खरी जवळीक होते ती पार्सलांमुळे. तुम्ही घरी नसलात की कुरिअरवाला शेजाऱ्याकडे पार्सल ठेवून जातो. आजी दिवसभर घरी असणार, म्हणजे तुमची पार्सलं त्यांच्याकडे जात असणारच. ती त्याच संध्याकाळी घेऊन या, तीन दिवसांनी नको, आणि त्यांची पार्सलं तुम्ही घ्या. यासाठी बेलवर आणि पत्रपेटीवर दोघांचीही आडनावं ठळक हवीत. बायकोचं आडनाव वेगळं असेल तर तेही.

गणपतीला किंवा मुलाच्या वाढदिवसाला वीस-पंचवीस माणसं येणार असतील तर आठवडाभर आधी जिन्यात खाली कागद लावा: अमुक तारखेला सहा ते नऊ आमच्याकडे सण आहे, थोडा आवाज होईल. आरती सहालाच उरका, झांजा त्याच वेळी वाजवून घ्या. कागद लावला म्हणून रात्री दहाची मर्यादा पुढे सरकत नाही, पण दहापर्यंतचा आवाज लोक हसून सोडून देतात. आई-बाबा तीन महिने राहायला येणार असतील तर घरमालकाला आधी कळवून ठेवा. पाहुणे आलेत की कुणी कायमचं राहायला आलंय, ही शंका शेजाऱ्यांना येते आणि ती आमच्या टेबलावर येते.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी मुद्दाम मागे ठेवलं. हा वंशद्वेष आहे का? असूही शकतो. नाही म्हणून तुमची समजूत काढणार नाही, कारण ‘असल्या लोकांना घर कशाला देता’ असं लिहिलेली पत्रंही मी वाचली आहेत. माझी कसोटी साधी आहे. तक्रार वेळ, जागा आणि कृती सांगत असेल, जसं रात्री अकरा, जिना, चपला, तर ती सुधारण्यासारखी आहे, लिहिणाऱ्याच्या मनात काहीही असो. तक्रार तुमच्याबद्दल, तुमच्या देशाबद्दल, ‘तुमच्या लोकांच्या’ वासाबद्दल असेल तर त्यात तुम्ही सुधारायचं असं काही नाही. तो कागद जपून ठेवा, तारीख घाला, हाउसफरवाल्टुंगला लेखी कळवा आणि मीटरफेराइनला दाखवा. भेदभावाविरुद्धचा कायदा इथे २००६ पासून आहे, आणि केंद्र सरकारचं सल्ला देणारं कार्यालयही आहे. आणि हो, कधीकधी दोन्ही खरं असतं. चपलाही जिन्यात असतात आणि आजीही खवट असतात. चपला आत घेतल्यावर मग जे उरतं, ते नेमकं काय आहे हे स्पष्ट दिसतं. तुमच्यासाठीही आणि माझ्यासारखीच्या टेबलावरही.

पैशाची एक गोष्ट राहिली. हाफ्टफ्लिश्ट, म्हणजे तुमच्याकडून दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरून देणारा विमा, नसेल तर याच आठवड्यात घ्या. वॉशिंग मशीनचा पाइप सुटला तर पाणी आजींच्या छतातून येणार. मुख्य दाराची किल्ली हरवली तर काही इमारतींत सगळी कुलपं बदलावी लागतात आणि ते बिल हजारांत जातं. घेताना दोन गोष्टी विचारा: किल्ली हरवणं त्यात येतं का, आणि सात वर्षांखालच्या मुलाने केलेलं नुकसान येतं का. त्या वयाचं मूल कायद्याने जबाबदार धरत नाहीत, त्यामुळे वेगळं कलम नसेल तर विमा कंपनी हात वर करते. शेजाऱ्याच्या गाडीवर पोराने दगडाने चित्र काढलं तर कायदा काय म्हणतो ते शेजाऱ्याला ऐकवून भागत नाही.

आणि डिसेंबरमध्ये तीन आठवडे भारतात जाणार असाल, जे आपण सगळेच जातो, तर तिकीट काढायच्या आधी मोठ्या केअरवोखेचा तक्ता बघा. तुम्ही नसलात तरी त्या आठवड्याचं फूटपाथवरचं बर्फ तुमचंच असतं, सकाळी लोक कामावर निघायच्या आत काढायचं, आणि कुणी घसरून पडलं तर विचारणा तुमच्याकडे होते. समोरच्या घराशी आठवडा बदलून घ्या. नोव्हेंबरात विचारलंत तर कुणीही हो म्हणतं, विमानतळावरून मेसेज केलात तर नाही. आमच्याकडच्या एका मुलाने दोन वर्षांपूर्वी खालच्या काकूंशी असाच बदल केला, बदल्यात त्यांचे ऑगस्टचे दोन आठवडे घेतले. आता त्या त्याची झाडंही बघतात, कढीपत्त्याची कुंडी खिडकीपासून हलवायची नाही एवढं त्याने चिठ्ठीवर लिहून ठेवलेलं असतं.